पणजी पायी: दोन सॅक आणि पहिले तीन दिवस

गोव्याला जाऊन आलेल्या मराठी माणसाने पणजी पाहिलेली असते ती बहुधा पुलावरून. खाली मांडवी, नदीत उभी कॅसिनोची जहाजं, आणि तेवढ्यात गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला लागलेली. आम्ही दोघांनी उलटं केलं. पहिले तीन दिवस किनारा नाही, भाड्याची दुचाकी नाही. फक्त पणजी आणि तिच्या आसपासचा टापू. पायी, बसने आणि फेरीबोटीने. चर्च, देऊळ, मशीद आणि आदिलशहाचा वाडा, सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीत येतं, असं शहर आपल्याकडे दुसरं चटकन आठवत नाही.

मात्र एक अट आहे. पणजी आपल्या सोयीने उघडत नाही. सकाळी लवकर, मग एकपर्यंत, मग साडेतीन-चारनंतर, असे तिच्या दिवसाचे तुकडे पडतात. मीस, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, सुरू असताना चर्च बघता येत नाही, दुपारी दुकान उघडत नाही, तीननंतर जेवण मिळत नाही आणि रात्री आठनंतर बस विरळ होते. हे चार खांब धरून बेत आखला तर तीन दिवसांत भरपूर होतं. नाहीतर तोच वेळ उन्हात बंद दारं मोजण्यात जातो.

उतरायचं कुठे

कोकण रेल्वेने येणाऱ्याने तिकीट काढतानाच ठरवावं: थिवी, करमळी की मडगाव. पणजीला सगळ्यांत जवळचं करमळी, साधारण दहा-बारा किलोमीटर. पण प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही, आणि स्टेशनच्या दारात बस लागलेली नसते. रिक्षा किंवा टॅक्सी ठरवावी लागते, नाहीतर सॅक पाठीवर टाकून मुख्य रस्ता गाठायचा. आमची पसंती थिवीला. थोडं लांब, पण म्हापशाची बस मिळते आणि म्हापशाहून पणजीला कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, शटल सतत असते. मडगावला उतरलात तर तेहतीस किलोमीटर आणि तिथूनही शटलच. पावसाळ्यात एक गोष्ट विसरू नका: जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. गाड्या सावकाश धावतात, सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलतात. उन्हाळ्यातल्या आठवणीवर विसंबून स्टेशनवर गेलात तर गाडी गेलेली असते.

विमानाने येणाऱ्यांसाठी दोन विमानतळ: दाबोळी आणि मोपा. तिकिटावर नुसतं 'गोवा' दिसलं म्हणून गप्प बसू नका, कोणता ते बघा. एक दक्षिणेला, एक पार उत्तरेच्या टोकाला. मोपाहून पणजीला कदंबची बस आहे. वेळ आधी बघून ठेवली की टॅक्सीचा मोठा खर्च वाचतो.

शटलची रीत एस.टी.पेक्षा वेगळी. पणजी-म्हापसा, पणजी-मडगाव, पणजी-वास्को या विनाथांबा गाड्यांचं तिकीट स्थानकावरच्या खिडकीवर आधी घ्यायचं, मग रांगेतून चढायचं. थेट दारात जाऊन उभं राहिलं की परत पाठवतात. बाकी रस्त्यांवर खासगी बस. लहानशी, काठोकाठ भरलेली, आणि कंडक्टरचं 'फुडें वच, फुडें वच' (पुढे जा) अखंड सुरू. सॅक पाठीवर ठेवून चढू नका. वळताना मागच्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला लागते. ती काढून पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बॉनेटजवळ ठेवायची, कुणी काही म्हणत नाही. दहा-वीसच्या नोटा खिशात हव्यात. पाचशेची नोट पुढे केलीत तर सुटे येईपर्यंत तुमचा थांबा मागे पडलेला असतो.

बसच्या पाट्यांचा मात्र अभ्यास लागतो. गावांची नावं बऱ्याचदा पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगने लिहिलेली असतात. 'बिचोलिम' वाचलंत तर ती डिचोली. 'सांकेलिम' म्हणजे साखळी, 'क्वेपेम' म्हणजे केपे, 'पेरनेम' म्हणजे पेडणे. पाटी वाचत बसण्यापेक्षा 'पणजे वता?' (पणजीला जाते का?) असं विचारावं. तीन शब्दही नाहीत आणि उत्तर लगेच मिळतं.

राहायचं कुठे

पणजीत किनाऱ्यासारखी स्वस्त झोपड्यांची सोय नाही. दोन पर्याय. अठरा जून रस्त्याच्या आसपासची साधी लॉजं, किंवा सांतोमे आणि फोंतेन्य या जुन्या वाड्यांतली घरगुती गेस्ट हाउसं आणि हॉस्टेलं. (अठरा जून म्हणजे १९४६ साली राम मनोहर लोहिया आणि ज्युलियाव मिनेझिस यांनी मडगावात सुरू केलेल्या सविनय कायदेभंगाचा दिवस. फोंतेन्यतला एकतीस जानेवारी रस्ता मात्र १८९१ साली पोर्तुगालच्या पोर्तू शहरात झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाचा. गोवा मुक्त झाला, पाटी राहिली.)

आम्ही फोंतेन्य घेतलं. खोली घेण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, जमीन लाकडी आहे का. जुन्या घरांत वरच्या मजल्यावर कुणी चाललं की खाली प्रत्येक पाऊल ऐकू येतं. दुसरी, खिडकी ओहोळाच्या बाजूला आहे का. असेल तर संध्याकाळी सहाच्या आधी ती लावून घ्यायची, डास त्याच वेळी येतात. तिसरी, बाथरूम खोलीत की व्हरांड्याच्या टोकाला. ओळखपत्र दोघांचंही मागतात, एकाच्या आधारवर भागत नाही.

आणि तारखा. २० डिसेंबर ते २ जानेवारी, कार्निव्हलचे चार दिवस, आणि नोव्हेंबरमध्ये इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो ते दिवस. या काळात खोली आधी घेतलेली नसेल तर येऊच नये. ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा वार्षिक उत्सव) आणि ८ डिसेंबरचं पणजीच्या चर्चचं फेस्त, या दिवसांत गर्दी भरपूर पण बघण्यासारखंही तेवढंच. आम्हाला विचाराल तर सर्वांत चांगला काळ जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी.

सकाळ: पोदेर आणि पातळ भाजी

सहा-साडेसहाला गल्लीत हॉर्न वाजतो. भोंग्यासारखा, रबरी फुग्याचा. तो पोदेर, पाववाला. सायकलच्या मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. त्याला हाक मारून थांबवायचं. टोपलीत चार-पाच जातींचे पाव असतात. साधा चौकोनी पाव, कडक सालीचा गोल उंडो, बांगडीसारखं कांकण, कात्रीने कापल्यासारखा कातरो, आणि पोयी. पहिल्यांदा घेणार असाल तर पोयी घ्या. कोंडा असलेल्या पिठाची, चपटी गोल, वर कोंड्याचाच भुरा, आणि आत पोकळ. हातात घेतल्यावर हलकी लागली आणि दाबल्यावर परत फुगली तर ती ताजी. पूर्वी हे पीठ माडाच्या सुरेने फुगवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं. पोयी सकाळची सकाळीच खावी, संध्याकाळपर्यंत ती चिवट होते. संध्याकाळी पोदेर पुन्हा येतो.

नाश्त्याला कुठल्याही जुन्या चहाच्या हॉटेलात पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिळून 'मिक्स'. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याचा किंवा चवळीचा नारळाच्या वाटणातला रस्सा. सोबत पाव, नाहीतर 'बन', म्हणजे केळं घातलेली गोडसर जाड पुरी. मिरचीची भजी हवी असेल तर गरम निघते ती वेळ साधा. दहाच्या पुढे गेलात तर भाजी संपलेली असते, आणि राहिली असेल तर तळाची, आटून खारट झालेली. टेबलावर आधीच कुणी बसलेलं असलं तरी समोरच्या खुर्चीत बसायचं, ही इथली रीत आहे. परवानगी मागत उभे राहिलात तर खुर्ची जाते.

पहिला दिवस: एकाच फेरीत सगळे देव

आठच्या आत निघालं की ऊन चढण्याआधी अर्धं शहर होतं. क्रम आम्ही असा धरला: फोंतेन्य, मळा, मग आल्तिनो टेकडीच्या कडेने चर्च, देऊळ, मशीद, आणि शेवटी नदीकाठ. उलट दिशेने गेलात तर टेकडीचा चढ दुपारी येतो.

मळा या वाड्यात टेकडीच्या पायथ्याला फोंत फेनिक्स नावाचा जुना झरा आहे. फोंतेन्य हे नाव तिथून आलं. वर मारुतीचं देऊळ. तिथून खाली लाल कौलांचा पट्टा एका नजरेत येतो, म्हणून आधी वर चढून मग गल्लीत उतरावं. पायऱ्या चिऱ्याच्या. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरतं, आणि चपलेचा तळ गुळगुळीत असेल तर घसरण ठरलेली. खाचांच्या तळाचे बूट नाहीतर पट्ट्याची सँडल हवी.

फोंतेन्यत बहुतेक जण रंगीत भिंतींचे फोटो काढून जातात. थोडं थांबून खिडक्या बघा. काही जुन्या घरांत काचेच्या जागी शिंपल्या बसवलेल्या दिसतात. तळहातापेक्षा लहान, चपट्या, अभ्रकासारख्या अर्धपारदर्शक शिंपल्या चौकोनी कापून लाकडी जाळीच्या खाचेत ओळीने सरकवलेल्या. बाहेरून त्या राखाडी, निर्जीव दिसतात. पण सकाळी त्यांच्यातून खोलीत जाणारा उजेड दुधाळ असतो, डोळ्याला टोचत नाही. काच महाग होती आणि शिंपल्या खाडीत भरपूर होत्या, त्यातून आलेली ही सोय. एखादी फुटली की आज तशी मिळवणं अवघड, म्हणून बऱ्याच घरांनी काचा बसवल्या आहेत.

ही घरं राहती आहेत. दारापुढच्या पायरीवर बसून, बाल्कनीच्या खांबाला रेलून फोटो काढणाऱ्यांनी इथले रहिवासी वैतागले आहेत, जागोजागी तशा पाट्याही आहेत. समोर कुणी दिसलं तर मान हलवून 'देव बरो दीस दिवं' (देव चांगला दिवस देवो) म्हणा, आवाज हळू ठेवा, पायरीपासून लांब राहा. बस, एवढंच.

गल्लीच्या टोकाला सांत सेबास्त्यांवचं छोटं कपेल, म्हणजे चॅपल. आतला क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला आहे. ती धर्मचौकशी इथे १५६०मध्ये सुरू झाली आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२पर्यंत चालली. एरवी क्रुसावरच्या येशूचे डोळे मिटलेले आणि मान कललेली असते. इथे डोळे उघडे आहेत. समोर उभ्या केलेल्या माणसाला धाक वाटावा म्हणून, असं सांगतात. कपेल दिवसभर उघडं नसतं. सकाळच्या मीसच्या मागोमाग गेलात तर आत जायला मिळतं; दार बंद दिसलं तर खटखटवू नका.

तिथून दहा-बारा मिनिटांत मुख्य चर्च, निष्कलंक गर्भसंभव मायेचं. १५४१ साली इथे कपेल होतं, आताची इमारत १६१९ची. वरची घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाच्या पडक्या वास्तूतून आणून १८७१मध्ये इथे टांगली. गोव्यात हिच्याहून मोठी एकच, सेच्या कॅथेड्रलची. समोरच्या बागेला गार्सिया द ओर्ता याचं नाव आहे. हिंदुस्थानी औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं; भारतातला पहिला छापखाना गोव्यात १५५६ला आला होता. बागेतला बाक ही पणजीतली फुकट मिळणारी उत्तम बैठक आहे.

चर्चच्या मागच्या अंगाने दादा वैद्य रस्त्यावर वळलं की श्री महालक्ष्मीचं देऊळ, आणि चालत काही मिनिटांवर जामा मशीद. पोर्तुगीज अमलात पणजीत पहिलं हिंदू देऊळ बांधायला परवानगी मिळाली ती या महालक्ष्मीच्या देवळाला, १८१८च्या सुमारास. म्हणजे पोर्तुगीज येऊन तीनशे वर्षं उलटल्यावर. हे लक्षात ठेवा, फोंड्याला गेल्यावर त्याचा उलगडा होतो. मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून जावं, दारात विचारावं, शुक्रवारी दुपारी टाळावं. देवळात अर्ध्या चड्डीत आणि बिनबाह्यांच्या कपड्यांत जाऊ नये. आम्ही सॅकमध्ये एक लुंगी आणि एक ओढणी कायम ठेवतो, चर्चलाही तीच चालते.

मग नदीकाठी उतरायचं. जुनं सचिवालय म्हणजे मूळचा आदिलशहाचा वाडा. १७५९पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय इथे राहायला आले. मुक्तीनंतर विधानसभा इथेच भरायची, २००० साली ती पर्वरीला गेली. शेजारी आबे फारियाचा १९४५चा पुतळा. हात पुढे केलेला पाद्री, समोर कोसळणारी बाई. माहीत नसलेल्याला हा खुनाचा प्रसंग वाटतो. हा कांदोळीत १७५६ला जन्मलेला गोंयकार संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक.

आझाद मैदानाला लागून असलेल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरश्यांची चित्रभिंत आहे: पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग, जॉर्ज कोलासोने १९३५मध्ये केलेले. सरकारी कचेरीची वेळ, तिकीट नाही, गर्दीही नाही. पणजीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच असेल.

दुपार

साडेबारा ते अडीच जेवण. शीत-कडीची थाळी मागितली की भात, माशाचं हुमण (कालवण), एखादी भाजी, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, सोलकढी आणि लोणचं येतं. गोची एका ठिकाणी होते: तळलेला मासा थाळीत धरलेला आहे की वेगळा? बांगडा बहुधा धरलेला असतो; इसवण (सुरमई) किंवा पापलेट मागितलं की तुकड्याचा भाव निराळा, आणि फळ्यावर तो लिहिलेला नसतो. आधी विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत ताजं कमी, महाग, आणि बरंचसं बाहेरचं. तेव्हा तिसऱ्या (शिंपल्या) किंवा खाडीतला मासा मागावा. शाकाहारी असाल तर 'शिवराक' म्हणून सांगा. पण भाजीत सुकी सुंगटं नाहीत ना, हे एकदा वेगळं विचारून घ्यायचंच.

दीड-दोनपासून साडेतीन-चारपर्यंत बहुतेक दुकानांचे दरवाजे खाली. याला आळस म्हणणारे पाहुणे आम्हाला भेटतात; मे महिन्यात दोन वाजता त्यांनी अठरा जून रस्ता एकदा चालून दाखवावा. या वेळेला आमची जागा ठरलेली: पाटो भागातलं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय. संस्था १८३२ची, इमारत नवी, गारवा भरपूर, मराठी पुस्तकंही. कदंब स्थानकापासून चालत जाता येतं.

संध्याकाळ, आणि एक सावधगिरी

सूर्य कलला की पणजी-बेती फेरी. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, पाच-सात मिनिटांत पलीकडे, तसंच परत. नदीतून पणजीचा काठ बघायला याहून स्वस्त बोट नाही. बांदोडकर रस्त्यावर कॅसिनोची आणि जलसफरीची पत्रकं हातात कोंबतात. नको असेल तर न थांबता पुढे निघायचं.

सातनंतर गाडे लागतात. रॉस ऑम्लेट म्हणजे कांदा-मिरचीचं ऑम्लेट, वर चिकन शाकुतीचा (भाजलेल्या मसाल्याच्या वाटणाचा) रस्सा, कच्चा कांदा आणि लिंबू. 'रॉस' म्हणजे निव्वळ रस्सा, त्यात तुकडा शोधू नका. पाव मोजून लावतात. चोरीस पावातलं सॉसेज डुकराच्या मांसाचं, व्हिनेगर-मिरचीत मुरवलेलं. गोव्यात गोमांसही मिळतं. ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी पदार्थ विचारून थांबू नये, तवा एकच आहे का तेही विचारावं. मार्च ते मे हुर्राकाचा हंगाम. काजूच्या बोंडांच्या रसाचं ते पहिलं ऊर्ध्वपातन, फेणीपेक्षा सौम्य म्हणतात. लिंबूसोड्यात गोड लागतं, म्हणून हातून जास्त जातं आणि उठताना कळतं.

आता सावधगिरी. मराठी माणूस गोव्यात आला की तिसऱ्या वाक्याला 'कोकणी ही मराठीचीच बोली ना?' असं विचारतो. विचारू नका. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. १९८७च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा मिळाली. या वादात घरंच्या घरं दोन्ही बाजूंना होती. तुमच्यासमोर बसलेला माणूस मराठी दैनिक वाचतो, गावच्या जत्रेत मराठी नाटकात काम करतो, आणि घरी कोकणी बोलतो. त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. तुम्ही मराठीत बोला, तो कोकणीत उत्तर देईल, दोघांचं अडत नाही. ख्रिस्ती वस्तीत वडीलधाऱ्यांना आंकल-आंटी, हिंदू घरात दादा, मावशी. नावापुढे 'बाब' आणि 'बाय' दोन्हीकडे चालतं.

दुसरा दिवस: जुनं गोवें आणि दिवाडी

पणजीहून जुनं गोवें साधारण दहा किलोमीटर. बसमध्ये चढताना 'रायबंदर मार्गे' आहे का विचारा. ती बस जुन्या बांधावरून जाते, पोंत द लिन्यारिश, १६३३-३४ साली बांधलेला, सव्वातीन किलोमीटरच्या आसपास लांब. दोन्ही बाजूंना खाजण (खाऱ्या पाण्याची सखल जमीन), मिठागरांची जागा आणि खारफुटी. बायपासने गेलात तर हे काहीच दिसत नाही.

बॉम जेझूस बासिलिका आम्ही उघडताना गाठतो; साडेदहानंतर सहलींच्या बस येतात. रविवारी सकाळी मीस असते, पर्यटकांना नंतरच सोडतात. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ज्या चांदीच्या पेटीत आहे ती १६३६-३७मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा मात्र फ्लॉरेन्सहून आलेला, १६९८चा. खालून पेटी नीट दिसत नाही, म्हणून बाजूला सरून, गर्दी ओसरू देऊन बघावी. शवदर्शन दहा वर्षांतून एकदा असतं. गेलं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं.

समोरच्या से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ला कोसळला, म्हणून ते एका बाजूने तोकडं दिसतं. वेळ कमी असेल तर बाकी काही सोडा, पण टेकडीवरचं सेंट ऑगस्टिन सोडू नका. ४६ मीटर उंचीच्या बुरुजाचा उभा तुकडा राहिलाय. याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. १६२४मध्ये इराणात ती मारली गेली, ऑगस्टिनियन पाद्र्यांनी अस्थी इथे आणल्या; २०२१मध्ये भारताने त्या जॉर्जियाला दिल्या. सावली अजिबात नाही, पाण्याची बाटली भरून न्यावी.

मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर. जाताना सेंट कायतानच्या आवारात आदिलशाही वाड्याची काळ्या दगडाची चौकट उभी दिसते, मागे रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवरचं चर्च. फेरीने दिवाडी बेटावर. पायी जाणाऱ्याला इथेही तिकीट नाही. पियेदादच्या टेकडीपर्यंत चाल बरीच आणि वाटेत खाण्याची दुकानं मोजकी, तीही दुपारी बंद. पोयी-केळी बरोबर घ्या. सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान याच बेटावरच्या नार्व्यात. देव पुढे नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि त्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ला शिवाजी महाराजांनी केला.

तिसरा दिवस: देव गेले ते गाव

पणजीत तीनशे वर्षं देऊळ का नव्हतं, याचं उत्तर फोंड्याच्या बसमध्ये आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी (पणजीचा भाग), बार्देश, साष्टी हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती होते. देवळं पाडली जाऊ लागली तसे लोकांनी देव उचलून नदीपलीकडे, आदिलशाही मुलखात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३मध्ये, तोवर त्यांची धर्मांतराची धग ओसरली होती. म्हणून देवळं इथे दाटीने उभी आहेत, आणि त्यांच्यातच १५६०ची साफा मशीद.

फोंड्याची बस बाणस्तारीवरून मंगेशी आणि म्हार्दोळला थांबते. आधी मंगेशी, मग चालत म्हार्दोळ, मग बसने फोंडा, हा क्रम सोपा. सोमवारी मंगेशीला गर्दी; संध्याकाळी पालखी असते, ती पाहायची असेल तरच सोमवार धरावा. त्याच दिवशी कित्येक हिंदू घरांत आणि हॉटेलांत मासा नसतो.

चौथ्या दिवशी दुचाकी घ्यायची झाली तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची भाड्याने देणं बेकायदा, आणि पकडल्यावर अडकता तुम्ही. घेताना जुन्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढा, ब्रेक दाबून बघा, हेल्मेट दोन मागा. मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, शेजारच्या जुन्या पुलाची मार्गिका पकडायची. एकट्याला जवळ जायचं असेल तर पिवळ्या मडगार्डची 'पायलट', म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारी मोटारसायकल. भाडं बसण्याआधी ठरवायचं. दोघांना दोन पायलट लागतात, तेव्हा बहुतेक वेळा रिक्षाच परवडते.